फाळका उघडा की बंद?

प्रश्न : आमची पिकअप आहे. टोमॅटोचा हंगाम असला की नारायणगावहून वाशीला क्रेट भरून जायचं आणि बहुतेक वेळा रिकाम्या गाडीने परत यायचं. येताना माझा चुलतभाऊ मागचा फाळका पाडून ठेवतो. वारा आरपार जातो, गाडी हलकी पळते, डिझेल वाचतं, असं त्याचं म्हणणं. वडील म्हणतात, फाळका लाव आणि ती खडखड बंद कर. डिझेलचे पैसे भाऊ आणि मी निम्मे-निम्मे देतो, तेव्हा निकाल लावून द्या. आणि गाडीच्या आकाराने ॲव्हरेजमध्ये खरंच फरक पडतो का? पडत असेल तर किती?
(एक वाचक, नारायणगाव)

उत्तर : वडील जिंकले. कारण त्यांनी खडखडीचं दिलं, पण निकाल त्यांच्याच बाजूने लागतो. रिकाम्या पिकअपचा फाळका पाडून डिझेल वाचत नाही. झालाच तर खर्च किंचित वाढतो.

भावाला मात्र वेड्यात काढू नका. अमेरिकेत पिकअप बाळगणाऱ्यांनीही वर्षानुवर्षं हाच तर्क केला. तिथे फाळका काढून त्या जागी नायलॉनची जाळी ताणायची, अशा जाळ्या विकण्याचा धंदाही चालला. तर्क सरळ दिसतो. हौद्याच्या शेवटी उभा पत्रा आहे, त्यावर वारा आपटणार आणि गाडी मागे रेटली जाणार. पत्रा आडवा केला की वारा निघून जाईल. या चित्रात एकच गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे केबिन.

वाऱ्याची गाठ आधी केबिनशी पडते, हौद्याशी नंतर. समोरच्या काचेवरून चढलेली हवा टपावरून मागच्या कडेला पोचते. तिथे पत्रा काटकोनात खाली उतरतो. वेगातल्या हवेला असं वळण घेता येत नाही. ती पत्रा सोडते आणि तशीच मागे जात राहते. तिच्या खाली हौद्यात हवेचा एक वळसा अडकून पडतो. त्याचा वरचा भाग मागे सरकतो, फाळक्याच्या आतल्या अंगाने खाली उतरतो, तळावरून केबिनकडे परत येतो आणि पुन्हा वर चढतो. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे भोवरा जागा धरून फिरत राहतो, तसाच हा, फक्त आडवा पडलेला. बाहेरचा बराचसा वारा या भोवऱ्याच्या पाठीवरून फाळक्याच्या वरच्या कडेपर्यंत जातो आणि तिथे गाडी सोडतो.

फाळका पाडला की भोवऱ्याचा मागचा आधार जातो. हवा आधीच खाली कलते, हौद्यात अस्ताव्यस्त होते आणि केबिनच्या पाठीमागचा दाब आणखी उतरतो. गाडीला मागे ओढणारं बळ मुख्यतः तिथूनच येतं. पुढच्या अंगावर जास्त दाब आणि मागच्या अंगावर कमी दाब, या दोहोंतल्या फरकाला आपण वाऱ्याचा विरोध म्हणतो. समोरून आपटणारा वारा हाताला, कानाला जाणवतो. मागे पडलेली दाबाची खोट कुणाला जाणवत नाही, म्हणून सगळे पुढेच बघतात.

भाऊ यावर म्हणेल, फाळक्यावर आतून दाब तर येतोच ना? येतो. पण हौद्यातली हवा फाळक्याला मागे रेटते, तशीच ती केबिनच्या पाठीला पुढे रेटते, आणि केबिनची पाठ फाळक्यापेक्षा बरीच मोठी असते. हिशेब करताना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. भावाने एकच मांडली.

हे तपासून झालेलं आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले केव्हिन कूपर यांनी पिकअपच्या वायुगतिकीवरचा निबंध २००४ साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेतर्फे प्रसिद्ध केला. फाळका वरच ठेवा, हा सल्ला त्यांनी थेट शीर्षकातच दिला होता. शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात इतकी सडेतोड भाषा क्वचित वाचायला मिळते. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठात पिकअपच्या छोट्या प्रतिकृतीमागचा प्रवाह मोजला गेला. दूरचित्रवाणीवरच्या ‘मिथबस्टर्स’ मंडळींनीही सारख्या दोन पिकअप सारखंच इंधन भरून पळवल्या, आणि फाळका लावलेली गाडी जास्त लांब गेली. हौद्यावर सपाट आच्छादन घातलं तर विरोध काही टक्क्यांनी उतरतो, हेही अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

एक अट सांगायला हवी. या चाचण्यांतल्या गाड्या अमेरिकन पद्धतीच्या होत्या. त्यांचा हौदा आखूड आणि खोल असतो, म्हणून भोवरा त्यात नीट मावतो. आपल्याकडे मालाच्या सोयीसाठी नऊ-दहा फुटांपर्यंतचे लांब आणि उथळ हौदे चालतात. हौदा जितका लांब, तितकी टपावरची हवा फाळक्यापाशी पोचेपर्यंत खाली आलेली असते आणि बंद फाळक्याचा फायदा तितका आटतो. त्यामुळे अमेरिकेतले आकडे आपल्या गाडीला जसेच्या तसे चिकटवू नयेत. तरी फाळका पाडावा असं त्यातून निघत नाही. पार लोंबता सोडला तर तो नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकू शकतो. साखळीवर आडवा धरला तर गाडी मागे दीड-दोन फूट वाढते, आणि मागच्या दुचाकीस्वाराला अंधारात ती पत्र्याची कड दिसत नाही. डिझेलचा प्रश्न नसता तरी एवढ्यासाठी मी तुमच्या वडिलांच्याच बाजूने बोललो असतो.

आता ‘किती’कडे वळू. भांडण फाळक्याचं असलं तरी पैसे इथे आहेत.

वाऱ्याचा विरोध चार गोष्टींवर ठरतो : हवेची घनता, गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ, आकाराचा गुणांक आणि वेगाचा वर्ग. गुणांक म्हणजे गाडी हवेतून किती सफाईने जाते त्याचं माप. तो जितका कमी तितकं बरं. आजच्या चांगल्या मोटारींचा गुणांक ०.२५ ते ०.३०च्या आसपास असतो. आपल्याकडच्या उभट पिकअपसाठी उदाहरण म्हणून ०.५ धरू आणि समोरचं क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर धरू. मालासकट वजन ३ टन. टायर रस्त्यावर लोळताना जो विरोध होतो तो वजनाच्या सुमारे १.१ टक्के धरला, तर ३३ किलो भरतो. वेग कमी-जास्त झाला तरी तो फारसा हलत नाही.

वाऱ्याचं तसं नाही. ताशी ४० किलोमीटरला तो गाडीला सुमारे १० किलोच्या जोराने मागे रेटतो. ६०ला हा रेटा २२ किलो होतो, ८०ला ३९ आणि १००ला ६१. म्हणजे सत्तरीच्या पुढे कुठेतरी वारा टायरला मागे टाकतो. गाडी रिकामी असली तर टायरचा विरोध वीस किलोच्या आतच असतो, त्यामुळे वारा पन्नाशी ओलांडतानाच वरचढ होतो. येताना तुमची गाडी रिकामी असते, म्हणजे वाऱ्याचा हिशेब जाण्यापेक्षा येण्याच्या फेरीत जास्त लागू पडतो. या बाबतीत भाऊ योग्य फेरीची काळजी करत होता, हे त्याला जरूर सांगा.

भरलेल्या गाडीचा ८०चा एकूण विरोध धरू : ३९ अधिक ३३, म्हणजे ७२ किलो. फाळक्यामुळे वाऱ्याच्या विरोधात तीन टक्के फरक पडतो असं मानलं, तरी तो होतो सव्वा किलोच्या आत. ७२त सव्वा किलो म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. शंभर लिटर डिझेलमागे फार तर दीड-पावणेदोन लिटरचा मामला. रिकाम्या गाडीत टक्का थोडा वाढेल, पण भांडण करावं इतका नाही.

त्याच गाडीचा वेग ८०वरून ६०वर आणा. एकूण विरोध ७२वरून ५५वर येतो. दर किलोमीटरला इंजिनला करावं लागणारं काम जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतं. इंजिनाच्या आणि गिअरच्या खोडी धरून प्रत्यक्ष ॲव्हरेजमध्ये ते सगळंच्या सगळं उतरत नाही, पण फाळक्याच्या कैक पट उतरतं. म्हणून ॲव्हरेजबद्दल कुणी विचारलं की गाडीचा आकार बघण्याआधी मी चालवणाऱ्याचा उजवा पाय बघतो. समृद्धी महामार्गावर मालवाहू गाड्यांना ८०ची मर्यादा आहे. ती सुरक्षिततेसाठी आहे, पण डिझेलही वाचवते.

माळशेज घाटात हा सगळा हिशेब जवळजवळ गैरलागू होतो. पाच टक्के चढावर ३ टनांची गाडी दीडशे किलोच्या जोराने मागे ओढली जाते आणि तिथे वेग इतका उतरतो की वारा त्या हिशेबात शोधावा लागतो. आळेफाट्यावरून घाट उतरून मुरबाड-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीला आकारापेक्षा वजन आणि ब्रेक यांचीच चिंता जास्त. पुणे-नाशिक महामार्गाने जाऊन पुढे द्रुतगती मार्ग धरला, की मग वारा हिशेबात येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. क्रेट किती उंच रचता? केबिनच्या टपापेक्षा ४० सेंटिमीटर वर, दीड-पावणेदोन मीटर रुंदीत माल गेला, तर समोरचं क्षेत्रफळ सुमारे ०.६५ चौरस मीटरने वाढतं. मूळ २.७च्या मानाने ही चोवीस टक्के वाढ. गुणांक तसाच राहिला असं उदारपणे मानलं, तरी ८०ला वाऱ्याचा रेटा ३९वरून ४८ किलोवर जातो. एकूण विरोधात साडेबारा टक्क्यांची भर. उंच क्रेटची ती सपाट, चौकोनी भिंत गुणांकही बिघडवते, ते वेगळंच. फाळक्यासाठी भांडणाऱ्या घरात वरच्या दोन थरांबद्दल कुणी बोलत नाही, कारण वरच्या दोन थरांचं भाडं मिळतं. ते भाडं जादा डिझेलपेक्षा जास्त असेल तर खुशाल रचा (वजनाची आणि उंचीची कायदेशीर मर्यादा सांभाळून), पण हिशेब करून रचा.

ताडपत्रीचं दुखणं वेगळं. फडफडणारं कापड दर फडफडीला हवेत ऊर्जा उधळतं, आणि ती ऊर्जा तुमच्या टाकीतून येते. ताडपत्री चारी बाजूंनी ताणून, मधे झोळ न ठेवता बांधा. कमानी लावून ती केबिनच्या उंचीपासून मागे हळूहळू उतरती करता आली तर फारच छान, पण उतार बेताचा हवा. १९८४ साली जर्मनीत अहमद, राम आणि फाल्टिन यांनी गाडीच्या एका सोप्या ठोकळ्यावर मागच्या उताराचा कोन बदलत विरोध मोजला. बारा-तेरा अंशांपर्यंत तो कमी होत गेला, मग वाढू लागला आणि तिशीच्या कोनाला सर्वात वाईट झाला. त्या कोनात उताराच्या दोन्ही कडांवर हवेचे पीळ तयार होतात आणि ते गाडीला मागे खेचतात. ३ मीटरच्या हौद्यात टपापासून मागे पाऊण मीटर उतरलात तर कोन चौदा अंशांच्या जवळ बसतो. आखूड हौद्यात तेवढंच उतरायला गेलात तर कोन तिशीकडे सरकतो आणि सगळी मेहनत उलटते.

फाळक्याच्या भोवऱ्याचा फायदा अमेरिकन कारखान्यांनी चांगला ओळखला आहे. तिकडच्या कित्येक राज्यांत महामार्गावर ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा असते. ८०च्या मानाने तिथे वाऱ्याचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे विरोधातले एक-दोन टक्केही तिथले अभियंते सोडत नाहीत. फोर्डच्या एफ-१५० आणि रॅमच्या १५०० या गाड्यांच्या फाळक्याची वरची कड मुद्दाम आकार देऊन घडवलेली असते, म्हणजे भोवऱ्यावरून आलेली हवा तिथून स्वच्छ सुटते. रॅमने २०१३च्या गाडीत समोरच्या जाळीला गरजेनुसार मिटणाऱ्या झडपा दिल्या. इंजिनाला थंड हवेची गरज नसेल तेव्हा त्या मिटतात आणि हवा इंजिनाच्या खोलीत घुटमळण्याऐवजी बाहेरून जाते. २०१९च्या गाडीत बंपरखालची पट्टी ताशी ३५ मैलांच्या पुढे आपोआप खाली उतरते, म्हणजे खडबडीत पोटाखाली कमी हवा शिरते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या गाडीचा गुणांक ०.३५७. इतक्या अवाढव्य गाडीला हा आकडा थक्क करणारा आहे. पण क्षेत्रफळही तितकंच अवाढव्य आहे, हे जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही. गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार लागतो. एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तुमच्या प्रश्नाबरोबर आलेली आणखी दोन पत्रं याच विषयावरची आहेत, तीही आटपून घेतो.

प्रश्न : छोटा हत्तीसारख्या गाड्यांचं तोंड भिंतीसारखं सपाट असतं. नाक पुढे काढलं तर ॲव्हरेज वाढणार नाही का? आणि केबिनच्या टपावर तो वळवलेला पत्रा लावतात, त्याचा उपयोग होतो की नुसती शोभा?

उत्तर : नाकाचा मोह सोडा. सपाट तोंड तितकं वाईट नाही, त्याच्या धारदार कडा वाईट. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर नासाचे एडविन सॉल्ट्झमन यांना सायकलवरून जाताना मोठे ट्रक शेजारून गेले की आधी ढकलल्यासारखं आणि मग ओढल्यासारखं व्हायचं. त्या अनुभवावरून त्यांनी १९७०च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर एक व्हॅन घेतली आणि पत्रे ठोकून तिचा काटकोनी खोका केला. मग एकेक कोपरा गोल करत ते विरोध मोजत गेले. उभ्या आणि आडव्या कडा गोल केल्यावर वाऱ्याचा विरोध निम्म्याहून कमी झाला, आणि आतली जागा अगदी थोडी घटली. नाक पुढे काढावं लागलं नाही. हवेला कडेवरून न सुटता वळता आलं की पुष्कळ काम होतं, पुढचं तोंड सपाट असलं तरी. म्हणून बंद बॉडी बांधून घेणार असाल तर बॉडीबिल्डरला समोरचे कोपरे गोलाईचे करायला सांगा. तो कुरकुर करेल, कारण काटकोनात पत्रा वाकवणं सोपं आणि स्वस्त.

टपावरच्या पत्र्याचं उत्तर मागे काय आहे त्यावर. केबिनपेक्षा उंच बंद खोका असेल, तर योग्य उंचीचा आणि कोनाचा पत्रा हवेला खोक्याच्या कपाळावर आपटू न देता वर नेतो. फायदा होतो. मागे उघडा, रिकामा हौदा असेल, तर तोच पत्रा गाडीची उंची वाढवतो आणि टपामागची दाबाची खोट अधिक मोठी करतो. तोटा होतो. टपावरच्या रिकाम्या कॅरिअरलाही हेच लागू. गरज नसेल तेव्हा काढून ठेवा. शोभेसाठी लावणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही, पण डिझेलचं बिल मला दाखवू नये.

प्रश्न : इलेक्ट्रिक पिकअपमध्ये इंधनच नाही, मग तिच्या आकाराची एवढी चर्चा का होते?

उत्तर : कारण तिथे वाऱ्याचा हिस्सा उघडा पडतो. डिझेल इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. उरलेल्या एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जेत टायर, वारा, घाट आणि ब्रेक सगळे भागीदार. विजेची मोटर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते. शिवाय घाट उतरताना आणि ब्रेक दाबताना थोडी परतही मिळवते. परत न मिळणारं जे उरतं ते मुख्यतः टायर आणि वारा, आणि महामार्गावर त्यातला मोठा वाटा वाऱ्याचा. डिझेलच्या गाडीत ॲव्हरेज घसरलं तर पुढच्या पंपावर पाच मिनिटांत टाकी भरते. बॅटरीच्या गाडीत पल्ला घसरला की चार्जिंगला थांबून राहावं लागतं. त्यामुळे रिव्हियन कंपनी आपल्या आर१टी पिकअपचा गुणांक ०.३० सांगते आणि टेस्ला सायबरट्रकचा ०.३३५. सायबरट्रकच्या हौद्यावरचं गुंडाळतं झाकण आणि टपापासून फाळक्यापर्यंतचा उतार, दोन्ही या हिशेबातूनच आलेले. झाकण उघडं टाकलं की तो उतार मोडतो आणि हौद्यात पुन्हा आपला ओळखीचा भोवरा येऊन बसतो.

समोरून वारा असेल तर मात्र डिझेल काय नि वीज काय, दोघांची गत सारखीच. ताशी २०चा वारा समोरून आला तर ८०ने जाणाऱ्या गाडीला तो १००चा लागतो आणि विरोध दीडपटीच्या वर जातो. परतीला तोच वारा पाठीशी असतो, पण फिटंफाट होत नाही, कारण हिशेब वर्गाचा आहे. १००चा आणि ६०चा वर्ग घेऊन सरासरी काढा, ती ८०च्या वर्गापेक्षा सहा टक्क्यांनी जास्त भरते. म्हणून ॲव्हरेज तपासायचं असेल तर एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नका. टाकी काठोकाठ भरून त्याच रस्त्याने जाऊन-येऊन पुन्हा काठोकाठ भरा, आणि शक्यतो पहाटे, वारा पडलेला असताना.